किरायाच्या घरात करंट: टेस्टरपासून नोटिशीपर्यंत काय काय करायचं

लातूरच्या ट्यूशन एरियात एका तीन मजली घराच्या वरच्या खोलीत तीन मुली किरायाने राहत होत्या. एप्रिल संपत आलेला, पत्र्याचा कूलर रात्रंदिवस चालू. त्यातल्या एकीच्या आईने मला बोलावलं, कारण लेक फोनवर म्हणाली होती, "कूलरमध्ये पाणी टाकताना हाताला मुंग्या येतात." मी टाकीला टेस्टर लावला, तर आतला दिवा लख्ख. मेन बंद करून बोर्ड उघडला. थ्री पिन सॉकेटमध्ये अर्थिंगची, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी, हिरवी वायर आलेलीच नव्हती. तिच्या जागी बोटाएवढा लाल वायरचा तुकडा अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलला (करंट परत नेणाऱ्या वायरला) जोडलेला, आणि मागून येणाऱ्या न्यूट्रलचा जॉइंट इतका ढिला की बोट लावताच हलला.

हा जुगाड मला इतक्या घरांत सापडलाय की आता नवल वाटत नाही. न्यूट्रल घट्ट असेपर्यंत काहीच कळत नाही. तो सुटला की मोटरमधून आलेल्या करंटला परत जायला वाट राहत नाही. मग तो त्या लाल तुकड्यावरून कूलरच्या पत्र्यावर उतरतो, आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या पोरीने हात लावला की तिच्या अंगातून जमिनीत जातो.

मालक खालीच राहायचे. म्हणाले, "घर बांधून दोन वर्षं झाली, आजवर कुणाला काही झालं नाही. चप्पल घालून वापरा म्हणावं." त्या मुलीच्या आईने त्यांना याआधी चार वेळा फोन केला होता आणि चारही वेळा "बघतो" एवढंच उत्तर मिळालं होतं. लिहून मात्र एकदाही दिलेलं नव्हतं. सगळं तिथंच अडलं होतं, कारण कायद्याने किरायेदाराला जे दिलंय त्याचे दिवस मोजायला सुरुवात होते ती कागदावरच्या तारखेपासून. फोनवरच्या "बघतो"ला तारीख नसते.

मी परवानाधारक वायरमन आहे, वकील नाही. पण अशा भांडणांत माझा रिपोर्ट लागतो म्हणून कोर्टाच्या आवारात बऱ्याचदा उभा राहिलोय, आणि कलमं तिथल्या वकील मित्रांकडून समजून घेतलीत. जे ज्या क्रमाने करायचं, त्याच क्रमाने सांगतो. क्रम चुकला की हक्काचं असूनही हातात काही येत नाही.

आधी आजची रात्र

मालकाशी भांडण उद्या. आज कुठल्या खुणा दिसताहेत ते बघा. नळाला, गीझरला, कूलरला, फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती वस्तू प्लग काढून बाजूला ठेवा. नळालाच करंट येत असेल तर गीझर आणि पाण्याची मोटर या दोघांवर आधी संशय घ्या. स्विचमधून चरचर आवाज येणं, बोर्डाचा प्लास्टिक भाग पिवळा-काळा पडणं, सॉकेट हाताला गरम लागणं, जळकट वास येणं ही ढिल्या जॉइंटची लक्षणं. त्या लाईनची एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) पाडा आणि पाडलेलीच ठेवा.

एक खूण मात्र सगळ्यांत वाईट: घरातले काही दिवे अचानक भगभगीत पेटतात आणि काही मिणमिणतात. याचा अर्थ बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलाय, आणि तुमच्या २३० व्होल्टच्या टीव्हीला त्याहून कितीतरी जास्त व्होल्टेज मिळतंय. तिथं विचार करत बसू नका, मेन खाली घ्या.

टेस्टरबद्दल एक सांगतो. कूलरच्या अंगावर तो पेटला तर कूलर वापरायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. नाही पेटला म्हणून घर सुरक्षित, असं मात्र नाही. अर्थिंग आहे की नाही हे टेस्टर सांगतच नाही.

पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी आणखी दोन ठिकाणी नजर टाकावी. छपराच्या पत्र्याला घासून जाणारी वायर, आणि कपडे वाळत घालायची लोखंडी तार. तारेचं एक टोक पत्र्याच्या छपराला किंवा लोखंडी खांबाला बांधलेलं असतं. पत्र्यात करंट उतरला की तारेत येतो, आणि ओला टॉवेल हातात घेऊन उभी असलेली बाई चिकटते. तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा, दहा मिनिटांचं काम आहे. कुणी चिकटलंच तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा, मग १०८ ला फोन. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिकेची वाट न बघता छाती दाबायला सुरुवात करा.

बिघाड कोणाच्या बाजूचा

खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर आणि मीटर ही महावितरणची जबाबदारी. मीटरच्या पुढे जे काही आहे, म्हणजे मेन स्विच, बोर्ड, भिंतीतलं वायरिंग आणि अर्थिंग, ते घराचं, म्हणजे मालकाचं. सर्व्हिस वायर घराच्या छपरावर लोंबतेय, मीटरमध्ये ठिणग्या दिसताहेत, खांबाला करंट येतोय, तर थेट १९१२ वर किंवा १८००-२१२-३४३५ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. बिल मालकाच्या नावावर आहे म्हणून तुम्हाला अशी तक्रार करता येत नाही, हा गैरसमज आहे. धोका दिसला तर रस्त्याने जाणाऱ्यानेही कळवावं.

तिसरी बाजू तुमची स्वतःची, आणि इथं खरं बोलायला हवं. दीड चौरस मिलिमीटरची वायर दिवे-पंख्यांसाठी असते. तिच्यावर टू पिनला जुगाड करून तुम्ही २ किलोवॅटचा गीझर चालवला तर जवळपास ९ अँपिअर करंट सतत वाहतो, आणि जुने जॉइंट वितळतात. पाण्यात टाकायची रॉड, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री एकाच एक्स्टेन्शनवर लावणारी पोरं मी रोज बघतो. तशी जळालेली वायर मालकाच्या माथी मारता येणार नाही. गीझरसाठी वेगळी, निदान अडीचची लाईन द्या, असं मागणं मात्र रास्त आहे.

पुरावा गोळा करणं

फोटो काढा: उघडे जॉइंट, काळा पडलेला बोर्ड, फ्यूजची किटकॅट. किटकॅटमध्ये बारीक फ्यूज वायरऐवजी जाड तांब्याचे चार पदर पिळून घातलेले असतील तर तो फोटो सोन्याच्या मोलाचा, कारण ती फ्यूज कधीच उडणार नाही, आधी भिंतीतली वायर जळेल. तसंच दहा-सोळाच्या जागी बत्तीस अँपिअरची एमसीबी बसवलेली असेल तर तिच्यावरचा आकडा दिसेल असा फोटो घ्या. एमसीबी सारखी पडायची म्हणून कुणीतरी मोठी आणून बसवलेली असते. आजारी माणसाचा थर्मामीटर फोडावा तसा हा प्रकार.

मग परवानाधारक वायरमन किंवा विद्युत ठेकेदाराकडून लेखी तपासणी रिपोर्ट घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आता २०२३ चे आहेत. त्यांनुसार दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलण्यापलीकडचं घरातलं वायरिंगचं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. गल्लीतला हुशार पोरगा स्वस्तात काम करून देईल, पण त्याच्या सहीला वजन नाही. परवाना क्रमांक रिपोर्टवर लिहून घ्या. त्यात चार गोष्टी आल्या पाहिजेत. पहिली, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) वायरिंगचं इन्सुलेशन किती आलं. ते निदान १ मेगओहम हवं. दुसरी, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट दिसतात. तिसरी, कुठल्या वायरवर किती अँपिअरची एमसीबी आहे. चौथी, आरसीसीबी आहे का आणि तिचं टेस्टचं बटण दाबल्यावर ती पडते का.

आरसीसीबीवर जरा थांबतो, कारण सगळ्यांत जास्त घोळ इथंच आहे. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. माणूस वाचवते ती आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला करंट ती सतत ताडून बघते. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की क्षणाच्या आत लाईन तोडते. घरात अर्थिंग नसलं तरी, करंट तुमच्या अंगातून जमिनीत गेला की तिला तो फरक कळतो. पण कुठंतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असले की ती वारंवार पडते, आणि मग "सारखी लाईट जाते" म्हणून कुणीतरी ती काढून वायर सरळ जोडून टाकतं. डीबीत, म्हणजे सगळ्या एमसीबी बसवलेल्या डब्यात, आरसीसीबी दिसतेय पण बटण दाबल्यावर काहीच होत नाही, अशी घरं कमी नाहीत.

अर्थिंगची आपल्याकडची गोष्टही वेगळी. अर्थिंगचा खड्डा ओला असला तर काम करतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात "खड्ड्यात बादलीभर पाणी टाका" असं सांगायला माझी जीभ वळत नव्हती. तेव्हापासून मी आंघोळीच्या सांडपाण्याचा पाईप खड्ड्याकडे वळवायला सांगतो. मालकाला जवळजवळ फुकटात पडणारी ही दुरुस्ती आहे, नोटिशीत हक्काने मागा.

करारात काय लिहिलंय

आता कायदा. मराठवाड्याला पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा लागू होता. तो रद्द होऊन राज्यभरासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला. त्याचं कलम १४ म्हणतं की उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं, दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, आणि नोटीस देऊनही त्याने ते केलं नाही तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापता येतो. "उलट करार नसेल तर" हे शब्द महत्त्वाचे. करारात "आहे त्या स्थितीत घेतले, सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावी" असं वाक्य आहे का ते आधी बघा. बहुतेक छापील करारांत "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची" एवढंच असतं. अख्ख्या घराचं अर्थिंग नसणं किरकोळात बसत नाही, हे ठामपणे सांगायला हरकत नाही.

आपल्याकडे करार म्हणजे शंभराच्या, हल्ली पाचशेच्या, बॉन्डवर लिहून नोटरीचा शिक्का. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल किरायेदाराचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. कागदच नाही म्हणून घाबरलेल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं, उलट त्यांची बाजू तिथं बळकट असते.

इथं एक मेख आहे. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल तर कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नव्हे, परवानगीने राहणारे. कलम १४ मधला दुरुस्ती करून पैसे कापण्याचा हक्क त्यांना सरळ लागू होत नाही. त्यांचा आधार दोन गोष्टींचा: करारातल्या अटी, आणि १८८२ चा इझमेंट कायदा. त्याचं कलम ५७ सांगतं की जागेतला जो धोकादायक दोष मालकाला माहीत आहे आणि राहणाऱ्याला नाही, तो मालकाने सांगितलाच पाहिजे. कलम ५८ प्रमाणे जागा धोकादायक होईल असं काही मालकाने करायचं नाही. म्हणून अशांनी नोटिशीत दुरुस्तीची मागणी करावी आणि सोबत "दुरुस्ती न झाल्यास मुदतीआधी जागा सोडून पूर्ण डिपॉझिट परत घेईन" हेही लिहावं. प्रत्यक्षात डिपॉझिट हाच त्यांचा खरा दोर असतो.

भाडे नियंत्रण कायदा परिशिष्टात दिलेल्या गावा-शहरांना लागतो. वाळूजच्या कंपन्यांत काम करणारे कितीतरी जण ग्रामपंचायतीच्या हद्दीत खोल्या घेऊन राहतात. आपला भाग परिशिष्टात येतो का, हे वकिलाकडून पाहून घ्या. येत नसेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ आहे. त्यातही मालकाने जी दुरुस्ती करायची ती नोटीस देऊनही केली नाही तर भाडेकरूने करून पैसे कापून घेण्याची सोय आहे. पण दुरुस्ती मालकाची हे करारातून दिसलं पाहिजे.

नोटीस

वकिलाची नोटीसच लागते असं नाही. साध्या कागदावर, सही-तारखेसह तुम्ही स्वतः दिलेली चालते. मुदत किमान पंधरा दिवसांची द्या, कमी नको. भाषा थंड ठेवा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी असा मसुदा लिहून देतो:

"प्रति, श्री. / श्रीमती ........., घरमालक.
विषय: राहत्या घरातील धोकादायक वायरिंग दुरुस्त करून मिळणेबाबत.
आपल्या मालकीच्या ......... येथील घरात मी दि. ...... पासून दरमहा रु. ...... भाड्याने राहत असून आजअखेरचे भाडे भरलेले आहे. सदर घरात पुढील दोष आहेत: १) कोणत्याही सॉकेटला अर्थिंग नाही. २) स्वयंपाकघरातील बोर्ड जळालेला आहे. ३) आरसीसीबी बंद अवस्थेत आहे. याबाबत दि. ...... रोजी मी आपणास फोनवर कळवले होते. परवानाधारक ठेकेदाराचा दि. ...... चा तपासणी अहवाल व फोटो सोबत जोडले आहेत.
हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत परवानाधारक ठेकेदाराकडून दुरुस्ती करून द्यावी. तसे न झाल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ नुसार मी स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करीन. दरम्यान धोक्यामुळे ......... ही लाईन बंद ठेवली आहे. दुरुस्तीसाठी घरात येण्यास माझी पूर्ण संमती आहे."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. "किरायेदार घरात शिरूच देत नाही" हे मालकाचं ठरलेलं उत्तर असतं, ते आधीच बंद होतं. लिव्ह अँड लायसन्स असेल तर कलम १४ चं वाक्य काढून वर सांगितलेलं डिपॉझिटचं घाला.

रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. त्यामुळे पोस्टात पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा, पावती आणि एक झेरॉक्स जपून ठेवा. त्याच दिवशी पत्राचा फोटो मालकाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. मालक वडीलधारे असतील, वर्षानुवर्षांचं घरोब्याचं नातं असेल, तर पोस्टाने पत्र पाठवणं अपमानासारखं वाटतं हे मला कळतं. मग आधी जाऊन सांगा, "काका, पत्र येईल, रागावू नका. पोरांच्या जिवाचं आहे, म्हणून रेकॉर्डला ठेवतोय." पण पाठवा.

एका वाड्यात चार-पाच बिऱ्हाडं असतील तर नोटीस सगळ्यांनी मिळून द्या. कायद्यात त्याची सोय आहे, आणि खर्च भाड्याच्या प्रमाणात वाटला जातो. एकट्याला "सोडून जा" म्हणणं सोपं असतं, पाच घरांना जड जातं.

पंधरा दिवस संपले

मालकाने काम करून दिलं तर ठेकेदाराचा कामानंतरचा रिपोर्ट मागा. टेप गुंडाळून बोर्डाला नवं झाकण लावलं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

नाही केलं तर दोन ठेकेदारांची लेखी कोटेशनं घ्या, कमी दराचं मालकाला पाठवा आणि काम करून घ्या. कापता येण्याला मर्यादा आहे: एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नाही. महिना ६,००० भाडं असेल तर वर्षाचं ७२,००० आणि कापता येणारी रक्कम १८,०००. एवढ्यात लहान घराचं अर्थिंग, आरसीसीबी आणि जळालेल्या लाईनी बदलणं बसू शकतं. माळवदाच्या जुन्या वाड्याचं लाकडी पट्टीवरचं अख्खं वायरिंग बसणार नाही. म्हणून जीव वाचवणारी कामं आधी. हिशेब आणि पक्की बिलं नीट ठेवा, खर्चाचा पुरावा म्हणून कायदा तीच धरतो. काढलेल्या जळक्या वायरी आणि जुनी एमसीबी पिशवीत घालून ठेवा. मालक कोर्टात गेले तर ती पिशवी टेबलावर ठेवता येते.

भाडं मात्र पूर्ण अडवू नका. रागाच्या भरात सगळे हेच करतात, आणि इथंच हरतात. थकलेलं भाडं हे घर खाली करून घेण्याचं कारण होतं, आणि मग वायरिंगचा विषय कुणी काढतच नाही. कापलेली रक्कम सोडून उरलेलं दर महिन्याला बँकेतून किंवा यूपीआयने भरा, शेऱ्यात महिना आणि "दुरुस्ती वजा" असं लिहा. रोख देत असाल तर पावती मागा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ती देणं मालकाला भाग आहे.

मालकाने लाईट तोडली तर

नोटीस मिळाल्यावर काही मालक मेन स्विचला कुलूप लावतात, नाहीतर सबमीटरची (मालकाच्या मीटरवरून भाडेकरूला जोडलेल्या मीटरची) वायर काढून टाकतात. "धोका आहे म्हणता ना, मग घ्या बंद!" त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पुरेसं कारण नसताना पाणी, वीज, जिन्यातला दिवा असल्या अत्यावश्यक सोयी भाडेकरूला तोडता येत नाहीत. कोर्टात अर्ज करून त्या परत चालू करून घेता येतात, आणि मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. आपल्याकडे हा अर्ज दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे जातो. कुलपाचा फोटो आणि शेजाऱ्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा.

सबमीटरच्या जाचातून कायमचं सुटायचं असेल तर स्वतःच्या नावाने मीटर मागा. वीज कायदा २००३ चं कलम ४३ जागेच्या मालकालाच नव्हे, तिथं राहणाऱ्यालाही वीज मागण्याचा हक्क देतं. मालकाने ना हरकत दिली नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात स्पष्ट म्हटलंय. तुम्ही तिथं राहता याचा पुरावा हवा, तेवढं पुरे. कार्यालयात "एनओसी आणा" असं तोंडी ऐकायला मिळेल. तेव्हा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारही लेखी मागा. तरी अडलं तर महावितरणचा ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. नव्या मीटरला ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तेव्हा वायरिंगची तपासणी आपोआपच होते.

आणखी कोणती दारं

वसतिगृह, क्लासच्या खोल्या, अनेक बिऱ्हाडांची इमारत असेल तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांकडे रिपोर्टसह लेखी तक्रार करा. हे राज्य सरकारचं खातं आहे, महावितरणचं नव्हे. शॉक लागून अपघात झाला असेल तर चौकशी यांच्याकडेच येते. खाट, जेवण, सफाई धरून पैसे घेणारं वसतिगृह सेवा विकतं, त्यामुळे तिथं ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. नुसत्या किरायाच्या घराला तो मार्ग धरू नका.

वकिलाला पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, फोन १५१००. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. वाळूजच्या कंपनीत पाळीवर जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक आहे, मला शंका आहे.

त्या तीन मुलींचं सांगायचं राहिलं. त्यातल्या एकीच्या आईने नोटीस पाठवली, शेजारच्या दोन खोल्यांच्या पालकांनीही सह्या केल्या. अकराव्या दिवशी मालकांचा मला फोन आला, "किती खर्च येईल?" अर्थिंगचा खड्डा, वर जाणारी तांब्याची वायर, मजल्यागणिक एक आरसीसीबी. मालकीणबाईंनी आधी कुरकुर केली, मग हळूच विचारलं की खालच्या घराचंही बघून देता का. खालच्या घरात गीझर होता, आणि अर्थिंग तिथंही नव्हतं.

पुढची खोली बघायला जाल तेव्हा भाडं ठरवायच्या आधी डीबीचं झाकण उघडायला लावा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. लाईट गेली पाहिजे.